शीट नंबर सतरावरचं तुरावेल

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून तुरावेलचा शोध सुरू. रीतसर.

रिटायर होऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत लोकांनी मला योगासनं सुचवली, कुंड्या सुचवल्या, क्रोशा सुचवला. ताईने तर फोनवर कमाल केली. म्हणाली, एखादं मांजर पाळ, तुमचं जमेल, तेही कुणाचं ऐकत नाही. थोरली बहीण म्हणून ऐकून घेतलं. जिने एकतीस वर्षं शाळेच्या नकाशांवरची नावं तपासली, तिने आता बशी घेऊन मांजरामागे फिरायचं.

शिस्त म्हणून सुरुवातीपासून लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये सातवीला दर शुक्रवारी शेवटचा तास शिवणाचा असायचा. आम्ही चाळीस मुली काजं करायचो आणि सिस्टर एका जाड कादंबरीतून मोठ्याने वाचायच्या. डोंगरापलीकडे तुरावेल नावाचं गाव. तिथे संध्याकाळ लवकर संपत नाही. दारांना कड्या नाहीत. कुणी कुणाला घाई करत नाही, आणि उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवलेलं असतं. खिंड ओलांडून आम्ही तळ्याकाठी पोचलो होतो, इतक्यात सिस्टरची बदली झाली. पुस्तक त्यांच्याबरोबर गेलं. नव्या सिस्टर शिवणाच्या तासाला फक्त शिवण शिकवायच्या.

बाकीच्या एकोणचाळीस जणी विसरल्या. मी विसरले नाही. माझी काजंही वर्गात सर्वांत बारीक होती.

संकल्प: रोज सकाळी दोन तास शोधकाम. सगळं वहीत. महिन्याभरात जागा नक्की, मग प्रयाण.

५ फेब्रुवारी

दोन तास झाले नाहीत. आधी टेबल रिकामं करणं भाग होतं. टेबलावरचं कपाटात ठेवायचं तर कपाट आवरणं भाग होतं. कपाटात जुनी ग्रीटिंग कार्डं सापडली, ती वाचली. पायाभरणी म्हणून दिवस चांगला गेला.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी

गुरुवार, म्हणजे चारला कंपास आला.

कंपास म्हणजे आमच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन. हे नाव वहीपुरतं. तोंडावर ‘अहो, ऐकलंत का’ एवढ्यावर तीस वर्षं भागलं. तो मला तपासनीसबाई म्हणतो. माझ्या आधी दोन वर्षं रिटायर झाला, तरी शर्टाच्या खिशात अजून कंपास असतो, जणू वाटेत कुठे वर्तुळ काढायची वेळ येईल. दोन गल्ल्या सोडून चप्पल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत राहतो. मोबाइल घेतलेला नाही. दर गुरुवारी येतो, अर्धा कप चहा घेतो आणि चार वाक्यं बोलतो.

आजची चार: हवा बरी आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. अठ्ठावीस मार्चला कायमचा भाचीकडे राहायला जाणार, दुसऱ्या शहरात. चहा छान झालाय.

तिसऱ्या वाक्यावर मी म्हटलं, बरं.

मग त्याला तुरावेलच्या मोहिमेबद्दल सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, अजून? मी विचारलं, अजून म्हणजे काय? म्हणाला, काही नाही. मग जाताना दारात उभा राहून म्हणाला, सोबतीला कुणी लागलं तर सांगा.

मला हसू आलं. हा माणूस नकाशे काढायचा तसाच चालतो, दिवसाला सहा मिलिमीटर.

११ फेब्रुवारी

लायब्ररी. ग्रंथपालबाईंना कादंबरीचं वर्णन सांगितलं: निळा कापडी पुठ्ठा, जाड, आत डोंगर. त्यांनी लेखकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि हातात सुई होती. मग म्हणाल्या, पण बाई, कादंबरीतलं गाव नकाशावर कसं सापडेल, ते खोटं असतं ना? असल्या बुद्धीच्या माणसांच्या हाती पुस्तकं आहेत. मी शांतपणे म्हटलं, तुम्ही पुस्तक शोधा, गाव मी शोधते.

मागच्या गोदामात बघते म्हणाल्या. आठवड्याने या.

१८ फेब्रुवारी

मिळालं! पुठ्ठा निळा नाही, तपकिरी आहे, पण ऊन लागलं की रंग उतरतो.

प्रस्तावनेत लेखक लिहितो, या कादंबरीतील सर्व स्थळे पूर्णपणे काल्पनिक असून मी आयुष्यात डोंगर पाहिलेला नाही. तीनदा वाचलं. एखादा माणूस उगीच इतकं ठासून नाकारेल का? चोर सापडला की आधी हेच म्हणतो. वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. लायब्ररीचं पुस्तक आहे, पण रेघ सरळ आहे.

२१ फेब्रुवारी

पुस्तक संपलं. तीनशे बारा पानं. त्यातली दोनशे पानं खेचरांच्या आजारपणाची. खेचर चढतं, खेचर बसतं, खेचराला उठवतात. मग खिंड येते. खिंडीपलीकडे दुसरी खिंड असते. तिथे वादळ होतं आणि सगळे परत फिरतात. शेवटच्या पानावर नायक किराणा दुकान काढतो.

तुरावेलला कुणी पोचतच नाही. तळं नाही. कड्या नसलेली दारं नाहीत. झाकलेलं ताट नाही.

उघड आहे, ही संक्षिप्त आवृत्ती आहे. पानांचे नंबर सलग आहेत, पण छापणारे हुशार असतात.

चारला कंपास आला तेव्हा त्याला सांगितलं. आधी अर्धा कप संपवला. मग म्हणाला, शेवटचा तास, चाळीस मुली, दमलेल्या असतील; सिस्टर पुस्तक हातात धरून मनानेच सांगत असतील. मी म्हटलं, सिस्टर खोटं बोलत होत्या म्हणायचं का तुम्हाला? म्हणाला, खोटं कसं, मुलींसाठी केलेलं होतं ते.

ड्राफ्ट्समन लोकांना हीच सवय. जिथे माहिती नसेल तिथे सुंदर रेघ काढून मोकळे.

२५ फेब्रुवारी, दुपारी १

सापडलं. उभ्यानेच लिहितेय म्हणून अक्षर असं.

लायब्ररीतल्या नकाशांच्या ड्रॉवरमध्ये समोरच्या कंपनीचा जुना रस्त्यांचा नकाशा होता. समोरची म्हणजे रस्त्याच्या पलीकडची, आमच्या ऑफिसच्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसायची. दिवाळखोर बुद्धीची माणसं. स्वतःची एक नदी काढता यायची नाही. आमच्या शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि गिरवायचं, यावर त्यांचा धंदा चालला.

त्या नकाशावर, डाव्या कोपऱ्यात, डोंगराच्या पायथ्याशी, नदी वळते तिथे बारीक अक्षरांत: तुरावेल.

स्वतंत्र पुरावा! झेरॉक्स काढून घेतली. ग्रंथपालबाईंना नुसती दाखवली आणि काही न बोलता निघाले. न बोलण्यात जी मजा आहे ती बोलण्यात नाही.

२६ फेब्रुवारी

ताईला फोन केला. आनंद राहिला बाजूला. म्हणाली, अगं, तुमच्या ऑफिसात मुद्दाम खोटी नावं घालायचे ना? तूच सांगायचीस.

घालायचे. त्याला आम्ही चोरखूण म्हणायचो. दरवर्षी साहेब एका ड्राफ्ट्समनला बोलावून सांगायचे, कुठल्याही एका शीटवर एक नसलेलं गाव घाल. दुसऱ्या कंपनीने नकाशा चोरला की ते गावही चोरलं जायचं आणि चोर सापडायचा. तपासणाऱ्याला आधी सांगायचं नाही, हा नियम. त्याने ते स्वतः पकडलं तर साहेब ड्रॉवरमधून एक चांगलं पेन काढून द्यायचे. मी एकतीस वर्षांत एकतीसही पकडली. घरात तीस पेनं आहेत. एक कुठेतरी हरवलंय.

माझी पद्धतच तशी होती. नाव शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे वाचायचं. अर्थ डोक्यात शिरला की डोळे आळशी होतात. उलटं वाचलं की गाव उरत नाही, नुसती अक्षरं उरतात, आणि अक्षरांची चूक माझ्या हातून सुटत नाही.

म्हणून ताईला म्हटलं, जरा डोकं चालव. तुरावेल आमच्या शीटवर असतं तर मी पकडलं असतं. मी पकडलं नाही, म्हणजे ते आमच्या शीटवर नव्हतं. म्हणजे समोरच्यांनी ते गाव स्वतः जाऊन पाहिलं. सिद्ध.

ताई म्हणाली, मांजराचं बघ एकदा.

२८ फेब्रुवारी

कंपासला नकाशाबद्दल काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, शनिवार सोडून पुढच्या शनिवारी सकाळी सातच्या बसने निघतेय. कुठे ते विचारलं नाही त्याने. म्हणाला, चढ असेल तर काठी घ्या. मग म्हणाला, मी येऊ का? मी म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना घेऊन दोन दिवस जास्त लागतील.

महिना राहिला, असंही काहीतरी म्हणाला. कशाला ते लक्षात आलं नाही. ऑपरेशनला असेल.

संकल्प: रोज जिन्यावर दहा चढउतार.

४ मार्च

जिने: सोमवारी चार, मंगळवारपासून शून्य धरले आहेत. परमोच्च तयारी शरीराची नसून मनाची असते. आज सोमवारच आहे. पण मन तयार आहे.

९ मार्च, बसमध्ये, सकाळी ७.०५

कंपास स्टँडवर आला होता. हातात पाण्याची बाटली आणि एक काठी. काठीला खाली रबराचं बूच लावलेलं, स्वतः कापून. खिडकीतून आत दिली. मग तिथेच उभा राहिला. बस सुटेना. पाच मिनिटं समोरासमोर काय करायचं, म्हणून मी काच लावून घेतली. धूळ फार होती.

९ मार्च, संध्याकाळी, परतीच्या बसमध्ये

झेरॉक्सप्रमाणे फाट्यावर उतरले. कंडक्टर म्हणाला, इथे? मी म्हटलं, इथेच. तीन किलोमीटर चालायचं होतं. ऑफिसचे बूट घातले होते, एकतीस वर्षं विश्वासाचे. दुसऱ्या किलोमीटरला डावा पाय खड्ड्यात मुरगळला. काठीवर रेलून पुढे गेले. काठीची उंची माझ्या उंचीला अगदी बरोबर होती. योगायोग.

नदीचं वळण आहे. डोंगर आहे. पायथ्याशी पेट्रोल पंप आहे.

पंपावर गणवेशातली एक बाई होती, माझ्याच वयाची. मी काही विचारायच्या आत म्हणाली, तुरावेल ना? बसा. पंपाच्या भिंतीला एक बाक होतं. म्हणाली, वर्षाला दोन-तीन येतात तो नकाशा घेऊन, उन्हात उभे राहतात, चक्कर येते, म्हणून मालकांनी बाक टाकलं. मी विचारलं, गाव कुठे गेलं? म्हणाली, नव्हतंच हो कधी. मी इथलीच आहे. माझी आजी इथली. मागे एक गृहस्थ आले होते, ते माझ्याशीच भांडले, म्हणे तुम्ही लपवताय.

त्या गृहस्थांबद्दल मला आदर वाटला.

बाईने पायावर पाणी ओतलं, बस कधी येईल ते सांगितलं. जाताना म्हणाली, एकट्याच आलात? सगळे एकटेच येतात.

निष्कर्ष: पंप बांधताना गाव हलवलं असणार. कागदपत्रं बघावी लागतील. बाकीच्या शोधकांचा पत्ता घ्यायला हवा होता. बसचा ड्रायव्हर सकाळचाच निघाला. म्हणाला, झालं का बाई? मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

१४ मार्च, संध्याकाळी

पाय सुजलाय. स्टुलावर ठेवून बसले होते. कंपास चारला आला, स्वतःच आत जाऊन चहा केला. साखर जास्त.

मी झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, बघा, आख्खी गावं कशी गिळतात लोक. त्याने खिशातून लेन्स काढली, उजवा डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ही अक्षरं माझी आहेत.

मी म्हटलं, तुम्ही समोरच्या कंपनीत कधी होतात? म्हणाला, नव्हतो. ही आपली शीट नंबर सतरा, त्यांनी तशीच्या तशी उचललेली. ‘ल’ची गाठ बघा, मी ती जराशी उघडी सोडतो.

आणि मग चार वाक्यांचा कोटा सोडून बोलत राहिला. बावीस वर्षांपूर्वी साहेबांनी चोरखूण त्याला घालायला सांगितली होती. गाव त्याच्या मनाने ठरवायचं होतं. तेव्हा मी रोज डब्याच्या वेळी तुरावेलचं सांगायची, म्हणे. कुणाकुणाला कंटाळा यायचा. त्याला नाही यायचा. म्हणून त्याने नदीचं वळण बघून, पायथ्याशी, जिथे मोकळी जागा होती तिथे ते घातलं. म्हणाला, वाटलं होतं, तुम्ही बघाल, हसाल आणि शीट घेऊन माझ्या टेबलाशी याल.

शीट सोमवारी माझ्याकडे आली. बुधवारी लाल टिक करून परत गेली.

म्हणाला, आधी वाटलं, तुम्ही बघून मुद्दामच राहू दिलं असेल. शीट छपाईला जायला अकरा दिवस होते. अकरा दिवस वाट पाहिली. मग ती छापून आली.

मी विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाहीत? म्हणाला, ज्याने शोधायचं त्याला सांगायचं नाही, असा नियम होता ना.

मग म्हणाला, चहा गार झाला तुमचा.

१४ मार्च, सात वाजता

एकतीस नाही, तीस. पेन हरवलंच नव्हतं.

१६ मार्च

विचार केला. यात माझी चूक धरता येत नाही. चोरखूण म्हणजे अनोळखी नाव असायला हवं. तपासणाऱ्याच्या ओळखीचं नाव घालणं हा रडीचा डाव आहे. ओळखीचं माणूस दारातून गेलं तर आपण थोडंच चौकशी करतो? साहेब असते तर अर्ज केला असता. साहेब नाहीत. अर्जाचा मसुदा मात्र चांगला जमलाय.

तुरावेलची फाइल तात्पुरती बंद. तांत्रिक कारणामुळे.

१८ मार्च

ताईला सगळं सांगितलं, अन्याय झाला या अंगाने. ती ऐकत होती. इतका वेळ गप्प राहिलेली ताई मी साठ वर्षांत ऐकलेली नाही. मग म्हणाली, अगं ए शहाणे, लोक बाईला गुलाब देतात. याने तुला गाव दिलं. आणि तू काय केलंस, तर त्याच्यावर लाल टिक मारलीस.

मी म्हटलं, काहीतरीच काय. ताई म्हणाली, कधी जातोय तो? मी म्हटलं, अठ्ठावीसला. म्हणाली, आणि तुझा पाय सुजलाय. छान.

फोन ठेवून दिला. ताईने आयुष्यभर कादंबऱ्या जास्त वाचल्या.

२१ मार्च

गुरुवार. चारला कंपास आला नाही. बांधाबांध चालली असेल. त्याच्या खोलीवरचा फोन लावला, तर हा क्रमांक आता वापरात नाही असं एक बाई सांगते. चहा सवयीने दीड कप झाला होता. दीडही मी प्यायले.

२२ मार्च

डब्याची वेळ आठवायचा प्रयत्न करतेय. लांब टेबल, खिडकी, पलीकडे समोरच्या कंपनीची खिडकी. मी बोलतेय. कोण कुठे बसायचं? टायपिस्ट माझ्या शेजारी, ती मान हलवायची आणि स्वेटरचे टाके मोजायची. टोकाला कुणीतरी खिडकीकडे पाठ करून बसायचं, डबा लवकर संपला तरी उठायचं नाही. चेहरा आठवत नाही, कारण उजेड पाठीमागून यायचा.

मी बोलत होते आणि कुणीतरी ऐकत होतं, ही माहिती मला बावीस वर्षांनी मिळाली.

२४ मार्च

निर्णय. जाऊन सांगायचं. दोन वाक्यं पुरे, जास्त बोललं की पसारा होतो. पहिलं: मला ते दिसायला हवं होतं. दुसरं: गुरुवारी चार वाजता मला तुमची सवय झाली आहे.

दुसऱ्यातलं ‘तुमची’ काढावं का? उद्या ठरवते.

२५ मार्च

‘तुमची’ काढलं. वाक्य सुटसुटीत झालं, पण नळाच्या पाण्याबद्दल असल्यासारखं वाटतं. पुन्हा घातलं. एवढ्यात दुपार झाली. कुणाच्या घरी दुपारी जाऊ नये.

२६ मार्च

पाऊल टेकतंय. तरी एक दिवस विश्रांती दिलेली बरी. लंगडत गेले तर त्याला वाटेल, दया मागायला आले. उद्या अकराला. नक्की.

२७ मार्च, दुपारी १

जाऊन आले.

खोलीत खोकी. ड्रॉइंग बोर्ड चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेला. भाची आली होती, चिकटपट्टी दाताने तोडत होती. मला बघून म्हणाली, या ना मावशी, तपासनीसबाई म्हणजे तुम्हीच ना? मामांच्या तोंडी सारखं तुमचं नाव. कंपासने चटकन तिला दुसरं खोकं दाखवलं. ती अखंड बोलत होती: मामांना गच्चीची खोली दिलीय, मामांना पसारा आवरत नाही, मामा ही काय जुनी शाई घेऊन येणार का. अशा वातावरणात वाक्यं बोलता येत नाहीत.

मग गाडीवाल्याशी बोलायला ती खाली गेली. पाच मिनिटं होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात त्याने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणाला, हे जरा बघा.

भाचीचा पत्ता होता. सुंदर अक्षर, घराचा नंबर, गल्ली, सगळं ओळीत, खाली पातळ रेघ. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले होते. त्या शहराचे पिनकोड मला पाठ आहेत, शाळेच्या ॲटलासच्या मागे आम्हीच छापायचो. पर्समधून पेन काढून दुरुस्त केलं आणि कागद परत दिला. म्हटलं, आता बरोबर आहे.

त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. घडी घालून परत खिशात ठेवला. म्हणाला, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, तपासनीसबाई.

भाची वर आली. मी निघाले. वाक्यं राहिली, ती उद्या सकाळी सांगता येतील, गाडी दहाला आहे. पण एक बरं झालं. मी गेले नसते तर त्याची सगळी पत्रं कुठल्या कुठे गेली असती. मन हलकं झालं.

२८ मार्च, सकाळी ९.१५

आठला गेले. वर कुलूप.

खाली चप्पल दुरुस्तीवाला फळ्या काढत होता. म्हणाला, सहालाच निघाले, भाचीला ऊन सोसत नाही. मी म्हटलं, त्यांचा पत्ता असेल ना तुमच्याकडे? त्याने हातातली फळी खाली ठेवली. म्हणाला, बाई, मी काल रात्री तेच विचारलं त्यांना. म्हणाले, एकच लिहिला होता. ज्यांना द्यायचा त्यांना दिला, त्यांनी तपासून परत केला.

घरी आले. वही काढून आठवेल तेवढं लिहायला बसले. घराचा नंबर आठवत नाही. गल्लीचं नाव आठवत नाही, सरळ, शुद्ध लिहिलेलं होतं. जे बरोबर असतं त्यावरून माझी नजर नुसती पुढे जाते.

पिनकोड तेवढा पाठ आहे. एका पिनकोडात साधारण चार हजार घरं येतात.